जेवायला बाहेर, पण किती बाहेर?

दापोली तालुक्यात किनाऱ्याला लागून जी गावं आहेत, तिथल्या घरांची ठेवण साधारण एकच. पुढे रस्ता, मग खळं, मग घर, मागे विहीर आणि विहिरीपासून थेट पुळणीपर्यंत गेलेली नारळी-पोफळीची अरुंद, लांबलचक पट्टी, म्हणजे आगर. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्यास्त मागच्या दारी. माझं माहेर असंच आहे. या मागच्या बाजूला दहा-बारा माणसांना मोकळ्यावर बसून जेवता येईल अशी सोय करायची, एवढ्यावर घरात एकमत झालं. कुठे आणि कशी, यावर माझ्या दोन भावजयांचं जुंपलं.

थोरली वहिनी बारा महिने तिथे राहते. धाकटी, मुग्धा, पुण्यात इंटिरिअरची कामं करते. मे महिन्यात आणि गणपतीत येते. मी नणंद. जावांच्या वादात नणंदेने तोंड घालू नये हे मला कळतं. कान उघडे ठेवायला मात्र कोणाची हरकत नसावी.

मुग्धाने वहीच्या कागदावर नकाशा काढून आणला होता. "वहिनी, जागा एकच. आगराच्या शेवटाला, गडग्याजवळ. समोर पुळण, समोर सूर्यास्त. खाली शेणाने सारवलेली जमीन, वर झापांचा मांडव. सिमेंट नको, टाइल्स नकोत."

"सारवणार कोण?"

"म्हणजे?"

"अगो, सारवण एकदा करून भागत नाही. दहा माणसं जेवून उठली की दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. शेण आणायचं कुठून? आपला गोठा रिकामा झाला त्याला किती वर्षं झाली. तू येतेस, चार दिवस राहतेस नि जातेस. मला तिथे फरशी हवी. बादलीभर पाणी ओतलं की धुऊन निघाली पाहिजे."

कोकणात हल्ली असंच ऐकू येतं. शहरातून आलेल्यांना सारवण हवं असतं आणि सारवण्यात उमेद घालवलेल्यांना फरशी. मला यात फरशीवाल्यांचं म्हणणं पटतं, कारण कंबर त्यांची दुखते.

"बरं, फरशीचं नंतर बघू. जागा तरी मान्य आहे ना?"

"जागेचंच बोलत्ये. मागच्या दारापासून तिथवर शंभराच्या वर पावलं आहेत. काल रात्री काय होतं जेवायला? तांदळाची भाकरी, डाळिंब्यांची उसळ, भात, सोलकढी, पापड, लोणचं. ताटं, वाट्या, पेले नि पाण्याची कळशी वेगळी. किती फेऱ्या होतील सांग. सगळं नेऊन बसलं की अण्णा म्हणणार, मीठ राहिलं."

"फेऱ्या कशाला? एकदाच सगळं नेऊन टेबलावर मांडायचं. ज्याने त्याने घ्यायचं."

"आणि भाकरी?"

मुग्धा गप्प झाली. तव्यावरची तांदळाची भाकरी फुगून उतरली की दोन-चार मिनिटांत ताटात पडायला हवी. आगराच्या टोकाला पोहोचेस्तोवर ती वातड होते, आणि खाऱ्या वाऱ्यात तर लवकरच.

वहिनी जे बोलली ते नुसत्या कंटाळ्यापोटी नव्हतं, म्हणून इथे जरा थांबते. मासिकांमधून बाहेर जेवायच्या जागांचे जे फोटो येतात, ते पाहावेत. लांब टेबल, त्यावर पाव, चीज, फळं, सॅलड, काचेचे पेले. हे सगळं मांडून ठेवण्याचं अन्न आहे. तासभर तसंच राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही, म्हणून टेबल घरापासून कितीही लांब असलं तरी चालतं. आपलं जेवण वाढत वाढत होतं. पहिला भात वरण-तुपाचा, मधे भाकरी किंवा पोळी, मागचा भात ताकाचा किंवा सोलकढीचा. आमटी पुन्हा गरम करून येते, कोणाला पापड हवा असतो, कोणाला कोशिंबीर. जेवणारे एका जागी बसलेले असतात आणि एक माणूस, बहुतेक घरांत बाईच, चूल आणि ताट यांच्यामध्ये सारखी ये-जा करत असते. जागेचा नकाशा काढताना बसणाऱ्यांच्या खुर्च्या सगळे मोजतात. ही ये-जा कुठल्याच कागदावर नसते. मुग्धाच्या कागदावरही नव्हती.

पण मुग्धा हार मानणाऱ्यातली नव्हे. "मग शेगडीच तिकडे नेऊ. छोटा ओटा, दोन बर्नर, एक सिंक. भाकरी तिथेच होईल."

"चार वाजता वारा सुटतो तो बघितलायस? गॅसची ज्योत आडवी होते. चुलीचा धूर तर थेट ताटांवर. पश्चिमेला भिंत घालावी लागेल."

"किती उंच?"

"ओट्याच्या वर तरी यायला हवी ना? चार फूट."

मुग्धाने पेन्सिल खाली ठेवली. खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असते, हे तिला धंद्यामुळे ठाऊक. वारा अडवण्यापुरती भिंत घातली की ज्या सूर्यास्तासाठी एवढ्या लांब जायचं तो भिंतीआड जाणार. काचेची भिंत घालायची तर खारट हवेने ती दोन दिवसांत धुरकट होते. ती रोज पुसायची कोणी, हा प्रश्न वहिनीने विचारला नाही, नुसतं बघितलं.

"शिवाय माडाखाली बसवणार पाहुण्यांना?"

"नारळ कोणाच्या डोक्यात पडत नाही म्हणतात."

"म्हणतात. झावळीबद्दल असं कोणी म्हणत नाही. आणि माकडं? सकाळी पोह्यांची परात ठेवून चमचे आणायला आत आलीस की परत जाऊन रिकामी परात उचलायची."

वानरांचा हा उपद्रव दापोलीकडच्या बागायतदारांना नवा नाही. परसातली केळी, पपई नि भाजी राखायची म्हणजे एक माणूस त्यापायी अडकतो. उघड्यावर मांडलेलं जेवण तर आयतंच.

"मग आपल्यात पूर्वी बाहेर कोणी जेवतच नव्हतं का?" मुग्धा म्हणाली. प्रश्न चांगला होता, आणि वहिनीनेही तो चिडून घेतला नाही.

"जेवत होते की. कार्तिकात आवळीभोजन असायचं. सासूबाई आवळीखाली न्यायच्या सगळ्यांना. पण तेव्हा बेत काय असायचा? मसालेभात, दही, कोरडी चटणी, वड्या. सगळं घरून करून पातेल्यात भरून न्यायचं नि तिथे एकदा वाढायचं. गरम भाकरीचा हट्ट त्या दिवशी कोणी धरायचा नाही."

माझ्या मते वादाचा अर्धा निकाल इथेच लागला. हुरडा असो, कोजागरीचं दूध असो की आवळीभोजन, आपल्याकडे घराबाहेर खाण्याच्या ज्या चाली आहेत त्यांत पदार्थ जागेला साजेसे निवडलेले असतात. हुरडा तर आगटीशेजारीच बसून खायचा. रोजचं चारीठाव जेवण उचलून रानात न्यायचा उद्योग कोणी केला नाही. तेव्हा गडग्याजवळची जागा सोडून द्यायची गरज नाही. तिथे संध्याकाळी चटई टाकावी, चहाचा थर्मास न्यावा, दडपे पोहे न्यावेत. बांधकाम करू नये. जेवणाची जागा विहीर आणि मागची पडवी यांच्यामध्ये, स्वयंपाकघराच्या दारापासून दहा-पंधरा पावलांत. मुग्धाने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पुन्हा सुरुवात केली.

आता वहिनीची पाळी.

"सोपं आहे," ती म्हणाली. "पडवीचं छप्परच आठ फूट पुढे ओढायचं. कौलं आपल्याकडे पडून आहेत."

"वहिनी, पागोळ्या पडतात ती कड जमिनीपासून किती उंच आहे?"

"असेल आठ फूट. जोतं दीड फूट, वर साडेसहा."

"मंगलोरी कौलांचा उतार धरा दर दोन फुटांना एक फूट. आठ फूट पुढे नेलं तर कड चार फूट खाली येणार. म्हणजे जमिनीपासून उरले चार. जेवायला रांगत जावं लागेल."

वहिनीने हाताने हवेत उतार काढून पाहिला आणि मान डोलावली. कौलारू घरांना पुढे छप्पर जोडायला निघालेल्या पुष्कळांची इथे गाडी अडते. कौलांचा उतार कमी केला तर पाणी आत येतं, तसाच ठेवला तर डोकं आपटतं.

"मग पत्रा. पत्र्याला उतार कमी चालतो."

"चालतो. पण मेमध्ये दुपारी पत्र्याखाली कोण बसेल? आणि पावसात त्याखाली बसलेल्या माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शिवाय..."

"शिवाय काय ते मला सांगू नकोस. निसर्गाच्या वेळी मी इथे होत्ये."

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. दापोली आणि मंडणगड हे तालुके तिथून लांब नाहीत. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, माड मुळासकट उपटले, घरोघरचे पत्रे उडाले. आमच्या गोठ्यावरचा पत्रा तीन घरं सोडून पलीकडच्या आगरात मिळाला, दुमडलेला. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. हलक्या खांबांवर पत्रा टाकताना या किनाऱ्यावर त्याखाली बसणाऱ्यांइतकाच तो उडून जिथे पडेल तिथल्यांचाही विचार करावा लागतो.

"म्हणून म्हणते मांडव," मुग्धा म्हणाली. "सपाट असतो, आठ फुटांवर सहज बसतो. शिमग्याच्या सुमाराला घालायचा, मिरगाआधी उतरवायचा. वादळाला धरायला वर काही शिल्लकच नाही."

"झाप विणणारी माणसं आता शोधावी लागतात, बाई."

"झाप मिळाले तर झाप, नाही तर हिरवी जाळी. वर माडाच्या झावळ्या टाकल्या की जाळी दिसतही नाही. दरवर्षी खड्डे खणायला लागू नयेत म्हणून जमिनीत चार लोखंडी नळ्या कायमच्या गाडायच्या, काँक्रीटमध्ये. त्यांत वासे उभे करायचे. पावसाळ्यात नळ्यांना झाकणं, नाही तर आत पाणी साचून डास."

वहिनीला नळ्यांची कल्पना आवडली. तिचा विरोध मांडवाला नव्हताच, दरवर्षीच्या खणण्याला होता. "पण दिवाळीपासून शिमग्यापर्यंत वर काहीच नाही? रात्री दव पडतं. ताटात पडत नसेल, पण खुर्च्या ओल्या होतात."

"मग मांडव दिवाळीनंतरच घालू. जाळी विरळ घेतली तर थंडीत दुपारचं ऊनही मिळेल."

पावसाळ्याचे चार महिने ही जागा वापरायची नाही, यावर दोघींचं चटकन जमलं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात बाहेर कोरडं जेवायचं तर खोलीच बांधावी लागेल, आणि खोली तर घरात आहेच. पुण्यात पाऊस याच्या चौथाई. तिथल्या गच्चीवर चालणारी युक्ती इथे चालेलच असं नाही, हे मुग्धाने स्वतःहून सांगितलं.

उन्हाचं गणित तिने समजावलं ते मला नवीन होतं. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे झुकून मावळतो, जूनमध्ये वायव्येकडे, आणि आपल्या अक्षांशावर या दोन टोकांत जवळजवळ पन्नास अंशांचं अंतर पडतं. त्यामुळे पश्चिमेला एकाच जागी पडदा ठोकला तर थंडीत तो बरोबर बसतो आणि मे महिन्यात बाजूने ऊन थेट डोळ्यांत येतं. पडदा सरकता हवा. बांबूच्या चटया आणि वर तार, एवढ्याने भागतं.

मग आली फरशी. वहिनीला पॉलिश केलेला कोटा हवा होता, खालीही आणि टेबलावरही. "गुळगुळीत, पुसायला सोपा."

"टेबलावर कोटा? सोलकढी सांडणाऱ्या घरात?"

"मग काय होतं?"

मुग्धा उठून अर्धं लिंबू घेऊन आली. न्हाणीघराच्या कामातून उरलेला कोट्याचा एक तुकडा विहिरीजवळ पडला होता, हिरवट, पॉलिश केलेला. तो तिने धुऊन पुसला, वर लिंबाचे चार थेंब पिळले आणि आम्ही चहा होईपर्यंत तसाच ठेवला. मग पाण्याने धुऊन तो उजेडात तिरपा धरला. सगळा दगड चमकत होता आणि मध्ये चार पांढुरके, मंद ठिपके. वहिनीने नखाने खरवडून पाहिलं. वर बसलेलं काही नव्हतंच. पॉलिशच खाल्लं गेलं होतं.

"कोटा काय, शहाबादी काय, दोन्ही चुनखडीचे दगड. आंबट लागलं की चुना विरघळतो. लिंबू, चिंच, आमसूल, कैरी, काहीही. टेबलाला फणसाच्या फळ्या घालू, वर तेल."

"तेल मी लावणार ना? नको. ग्रॅनाइट घाल. ओट्याचा दगड आहे, त्याला आमसुलाचं काही होत नाही."

ग्रॅनाइट ठरला. खाली मात्र शहाबादीच, पण पॉलिश न केलेली, खडबडीत, म्हणजे ओल्या पायांनी कोणी घसरणार नाही. जांभा दिसायला कितीही छान असला तरी पाणी धरतो, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं. उतार घराकडून बाहेर, दहा फुटांना दीड इंच. गवंड्याने काम झालं म्हटलं की बादलीभर पाणी ओतायचं आणि ते कुठे थांबतं ते बघूनच पैसे द्यायचे, ही वहिनीची अट.

बसायचं कशावर, यात मला वाटलं होतं की मुग्धा जिंकेल. तिने भिंतीलगत चिऱ्याचा कट्टा काढला होता, समोर टेबल, पलीकडे खुर्च्या. जागा वाचते आणि दिसतंही नेटकं.

"कट्ट्यावरच्यांना वाढायचं कुठून?" वहिनीने विचारलं. "मागे भिंत. समोरून टेबलावर ओणवं होऊन? गरम आमटी घेऊन?"

पंगतीत दोन रांगा समोरासमोर असतात आणि मधली वाट वाढप्यांची. ती वाट मुग्धाच्या कट्ट्याने खाल्ली होती. शिवाय घरातल्या अण्णांचे गुडघे दुखतात. टेबलाला जोडलेल्या बाकावर पाय उचलून आत शिरणं त्यांना जमणारं नाही, आणि नऊवारी-सहावारीतल्या बायकांनाही ते अवघडच. हात असलेल्या सुट्या खुर्च्या ठरल्या. तीन फूट रुंद टेबल, माणशी दोन फूट, आणि खुर्च्यांमागून वाढणारीला जाता यावं म्हणून दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट. म्हणजे रुंदी नऊ-दहा फूट हवी. त्याहून कमी जागेत टेबल बसतं, वाढणारी बसत नाही. कट्टा राहिला, पण कडेला, जेवणानंतर पान खात बसायला.

पडवीतून खाली उतरायच्या पायऱ्यांवर मात्र दोघी जराही भांडल्या नाहीत. दीड फुटांच्या जोत्याला तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच उंच आणि हातात पातेलं असताना पाय पूर्ण मावेल इतक्या रुंद. बाजूला कठडा.

दिव्यांबद्दल थोडक्यात सांगते. पांढऱ्या प्रखर दिव्याकडे किडे जास्त येतात, पिवळसर दिव्याकडे कमी. दिवा टेबलाच्या डोक्यावर नको, जरा लांब हवा, म्हणजे किडे तिकडे राहतात आणि पहिल्या पावसात वाळवीचे पंख आमटीत पडत नाहीत. डासांना वाऱ्यात नीट उडता येत नाही, म्हणून पडवीच्या कडेला पंखा. कुंड्यांखालच्या ताटल्या वहिनीने सरळ रद्द केल्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि तो चावतो दिवसा, म्हणजे नाश्त्याच्या वेळेलाही.

शेवटी खर्चाचा क्रम. मुग्धाचं म्हणणं, आधी टेबल-खुर्च्या घेऊ, जागा वापरायला लागू, बाकी हळूहळू. वहिनीचं म्हणणं, आधी नळ, हात धुवायची मोरी आणि तिचं पाणी केळी-अळवाकडे नेणारा पाट. पाणी नसलेल्या जागेत बारा जणांची खरकटी ताटं आत वाहून आणायची असतील तर ती जागा दुसऱ्या महिन्यात ओस पडते. इथे मी नणंदेचा नियम मोडून तोंड उघडलं आणि वहिनीच्या बाजूने बोलले.

पाऊस संपला तरी आमच्या मागच्या दारची जमीन दिवाळीपर्यंत मऊ असते, म्हणून गवंडी दिवाळीनंतर येईल. पहिल्यांदा नळ आणि पाट, मग फरशी आणि नळ्या, टेबल सगळ्यांत शेवटी. तुमच्याकडे असा बेत चालला असेल तर गवंड्याला बोलावण्याआधी एवढं करा. ठरवलेल्या जागेवर चटया टाकून रात्रीचं पूर्ण जेवण, भाकरी-आमटीसकट, एकदा तिथे होऊ द्या. आणि ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली असेल त्यालाच त्या रात्री वाढायला उभं करा.